ओढ्याकाठची शेंदराची खूण

मुंजाजी शिपायाचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. हॉटेलवाल्यानं चहा पुढं केला तर आधी वास घ्यायचा. एसटीचा कंडक्टर म्हणाला, "गाडी वालूरहून सुटली," तर हा विचारणार, "तू डोळ्यानं बगितली का सुटताना?" बायकोनं, भिवराबाईनं, कधी पिठलं जरा झणझणीत केलं तरी ह्याला वाटायचं, आज हिला काहीतरी लपवायचंय. भिवराबाई कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, "मेल्यावर सरणावरची लाकडंबी मोजून घ्याल तुमी!" पण हा माणूस आईच्या पोटातून असा आला नव्हता. त्याला असा केला एका सुट्टीनं. तेच सांगायला बसलोय.

कॉलेज परभणीपासून पंधरा-सोळा कोसांवर. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की चार जण टोप्या सावरत दारात उभे राहतील, आमच्या गावाची बदनामी करता काय म्हणून. विकतचं दुखणं घेतंय कोण? देवगाव फाट्याकडून येणारा रस्ता एक ओढा ओलांडून त्या गावात शिरतो, एवढं कळलं तरी भागतं. ओढ्यावर फरशी आहे, म्हणजे पाण्यापासून हात-दीड हात वर टाकलेला बुटका, बिनकठड्याचा पूल. वर कुठं पाऊस झाला की पाणी फरशीवरून उड्या मारतं, आणि पलीकडच्या वाडीची, वस्त्यांची पोरं कॉलेजकडच्या काठाला अडकून पडतात.

मुंजाजी धनगराचा. बाप बिरू जन्मभर मेंढरांमागं हिंडला. मुंजाजी मात्र चौथीपर्यंत शिकला आणि कॉलेज निघालं तसा शिपाई म्हणून चिकटला. घंटा वाजवायची आणि सूचनांची वही वर्गावर्गात फिरवायची, ही त्याची दोन मोठी कामं. तास संपला की दोन टोले. सुट्टी असली की लांबच लांब घंटा, हात दुखेपर्यंत.

अठ्ठ्याहत्तर सालचा जुलै संपत आला होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला आणि इकडं मराठवाड्यात आगी लागल्या. एक दिवस सकाळी ऑफिसातला फोन वाजला. तेव्हाचे प्राचार्य, जुने साहेब, बोलत होते आणि मुंजाजी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभा होता. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलत होता की शब्द न शब्द मुंजाजीला ऐकू आला. वस्त्या जाळायलेत, रस्त्यात पोरं गाठून मारायलेत, आज तुमच्याकडं येणार आहेत. साहेबांनी फोन ठेवला, पाणी प्यायले, वही ओढली आणि लिहिलं, 'अतिवृष्टीमुळे आज कॉलेज बंद राहील.'

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"मुंजाजी," साहेब म्हणाले, "ऐकलंस ते गिळून टाक. उगी पोरांत घबराट नको."

मुंजाजीनं गिळलं. वही फिरवली, घंटा बडवली. गावातल्या वरच्या जातींची पोरं आधीच सगळं जाणून होती, ती हसत हसत पांगली. फाटकाशी पंडित उभा होता. पंडित पलीकडच्या वाडीला लागून असलेल्या दलित वस्तीतला, कॉलेजचं पहिलंच वर्ष, वह्या शर्टाच्या आत खोचलेल्या. त्यानं एकदा आभाळाकडं बघितलं, एकदा मुंजाजीकडं.

"मामा, पाऊस कुठंय?"

आता बघा, तिथं मुंजाजीला एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, घरी जाऊ नको, हितंच माझ्या खोलीवर थांब. सात-आठ शब्द. पण साहेबांचं तोंड आठवलं आणि त्याच्या तोंडून निघालं, "येईल की वरून. तू निघ लवकर, ओढा चढंल."

पंडित बिचारा पुराच्या भ्यानं पळत पळत घरी गेला. ओढ्यात घोटाभर पाणी नव्हतं. त्या दुपारी वस्ती जळाली. पंडितच्या बापाचा पाय मोडला आणि पंडितच्या डाव्या कानावर काठी बसली. तो कान गेला तो गेलाच.

तेव्हापासून मुंजाजीला माणसाच्या बोलण्याची भीती बसली. तो म्हणायचा, माझ्यासारखा मेंढक्या जर एवढं सफाईदार खोटं बोलू शकतो, तर शिकलेली माणसं काय काय बोलत असतील! आणि गावानंही त्याला सोडलं नाही. पुढं कॉलेज पावसासाठी बंद झालं की पोरं एकमेकांना डोळे मारायची. "अतिवृष्टी कुठली? आज कुणाची वस्ती?" खरोखरीचा पाऊस धो धो पडत असला तरी लोक म्हणायचे, ह्याच्या मागं काहीतरी काळंबेरं आहे.

दोन वर्षांनी नवे प्राचार्य आले, दिनकरराव. माणूस सरळ, पण भित्रा. कागदाशिवाय पाणी न पिणारा. त्यांनी आल्या आल्या ओळखलं की ह्या कॉलेजात पावसाची सुट्टी म्हणजे विस्तव झालाय. नामांतराचे मोर्चे रोज कुठं ना कुठं निघत होते. सुट्टी दिली तर एक बाजू म्हणायची मोर्चाला घाबरले, न दिली तर दुसरी म्हणायची पोरं बुडवायला निघाले.

"मुंजाजी," ते म्हणाले, "ह्यापुढं पावसाची सुट्टी मी देणार नाही, तूही नाही. दगड देईल."

ओढ्याच्या पलीकडच्या काठावर, फरशीला लागून, एक कमरेएवढा काळा दगड रोवला. त्याच्यावर खूण केली. पाणी खुणेला लागलं म्हणजे फरशी बुडायला एक वीत उरली. मग मुंजाजीनं सायकलवर येऊन सांगायचं, साहेबांनी सही करायची, लांब घंटा वाजवायची, आणि पलीकडच्या पोरांनी तडक घर गाठायचं. दगडाला ना जात, ना पार्टी. लोकांनाही पटलं. मुंजाजीला तर फारच पटलं. जगात विश्वास ठेवावा अशी एक तरी वस्तू त्याला मिळाली.

खूण आधी चुन्याची केली. पहिल्याच पुरात गेली. मेंढरांच्या पाठीला लावतात ती काव लावून बघितली, तीही गेली. मग मुंजाजीनं डोकं चालवलं आणि तेलात शेंदूर कालवून दगडाला जाड पट्टा ओढला. शेंदूर काही हलला नाही. साहेबांनी पाठ थोपटली. मुंजाजी दर उन्हाळ्यात नवा शेंदूर चढवायचा आणि कुणी लांबून बघत नाही ना, याची खात्री करून मगच परत फिरायचा.

ह्याच काळात पंडित परत आला. एका कानानं शिकून बी.ए. झाला आणि त्याच कॉलेजात क्लार्क म्हणून लागला. सूचनांची वही आता त्याच्या टेबलावर. मुंजाजी रोज सकाळी ती वही न्यायला जायचा. पंडित ती मान वर न करता पुढं सरकवायचा. आठ आठ महिने दोघांत "घ्या" आणि "आणली" यापलीकडं बोलणं नाही. मुंजाजीला रात्रंदिवस एकच संशय: ह्याला ठाऊक आहे. फोनचं ठाऊक आहे. हा दबा धरून बसलाय, एक दिवस चारचौघांत काढणार. कधी कधी ऑफिसात दुसरं कुणी नसलं की मुंजाजी पंडितच्या डाव्या बाजूला उभा राहून पुटपुटायचा, "चुकलं माजं, पंडितराव." डाव्या बाजूला. तो कान मेलेला आहे हे पक्कं माहीत असूनसुद्धा. माणूस देवालाही फसवतो, तर पंडितची काय कथा!

अठ्ठ्याऐंशीचा पावसाळा आला. श्रावण कोरडा गेला आणि भादव्यात आभाळ फाटलं. पहिल्याच मोठ्या पावसाला मुंजाजी फरशीपाशी गेला, अलीकडच्या काठावरूनच बघितलं. काठावर तरवट्याची झुडपं माजलेली, त्यांच्यातून दगडाची शेंदरी पट्टी दिसत होती, कोरडी. तो परत आला, सांगितलं, "लागलं न्हाई." कॉलेज पूर्ण वेळ भरलं. आणि चार वाजता पलीकडची पोरं निघाली तर फरशीवर मांडीएवढं पाणी! एकमेकांचे हात धरून कशीबशी पार झाली. एका पोरीची वह्यांची पिशवी गेली.

दुसऱ्या दिवशी बोंबाबोंब. "मुंजाजी गेलाच नव्हता, हॉटेलात बसला होता." "त्याला कुणीतरी सांगितलं असंल, सुट्टी होऊ देऊ नको म्हणून." दिनकररावांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "तू नक्की गेला होतास ना?"

मुंजाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दगड खोटं बोलत नाही, तर मग दगडाला कुणीतरी हात लावलाय. कोण? पोरं? पण पोरांना सुट्टी पाहिजे. ती पट्टा खाली ओढतील, वर कशाला नेतील? दिनकरराव? सुट्ट्या जास्त झाल्या म्हणून वरून कागद आला असेल, आणि ह्या भित्र्यानं गुपचूप... की पंडित? मुंजाजी खाटेवर उठून बसला. पंडितच! मला खोटा पाडायचा. दहा वर्षांपूर्वी मी बोललो, पूर येतोय, आणि आला नाही. आता पूर येणार आणि मी म्हणणार, येत नाही. फिटंफाट.

"झोपा की वं," भिवराबाई म्हणाली. "त्या पोरानं कधी मुंगीला दुखवलं न्हाई."

"तुला काय माहीत? तुला कुणी सांगितलं?"

भिवराबाईनं गोधडी डोक्यावरून घेतली.

तीन दिवसांनी पुन्हा वरच्या अंगाला आभाळ भरलं. गावात मात्र ऊन. दुसऱ्याच दिवशी तालुक्याला नामांतराचा मोर्चा ठरलेला, त्यामुळं सगळ्यांचे कान टवकारलेले. अकरा वाजता मुंजाजी सायकल काढून ओढ्यावर गेला. पाणी फरशीच्या खाली वीतभर. पट्टी कोरडी ठणठणीत. पण पाण्याचा रंग फिरला होता. लाल, जाड, वर फेस, फेसात काडीकचरा. मुंजाजीच्या अंगावर काटा आला. असं पाणी दिसलं की त्याचा बाप बिरू मेंढरं ओढ्यातून मागं हाकायचा, ऊन असो की नसो.

त्यानं सायकल टाकली आणि फरशी ओलांडून पलीकडं गेला. तरवटा बाजूला सारला, आणि तोंड उघडंच राहिलं. दगडाखाली चांगला दगडमातीचा ओटा! वर सारवण, समोर नारळाच्या करवंट्या, हिरव्या बांगड्या, लिंबू. पट्टा जागचा हलला नव्हता. अख्खा दगडच चढला होता. त्यानं वीत टाकून मोजलं. दोन विती वर. म्हणजे खूण एव्हाना पाण्याला लागायलाच पाहिजे होती.

"पाया पड की, बगतोस काय?" मागून आवाज आला. वाडीतली म्हातारी कडूबाई, हातात तांब्या.

"ह्यो ओटा कुणी केला?"

"म्या केला. आखाडात. माजी नात सरजा कालिजात जाती ना ह्याच वाटंनं. देवाला बोलले, पोरीला सांभाळ, मी तुला वर बसविते. देव दर साल पाण्यात बसतोय, बरं दिसतं का? वाडीच्या चौघांनी हात लावला, उचलला."

"अगं बये, देव कुठला! ती खूण हाय कॉलेजची! म्या लावलाय शेंदूर, माज्या ह्या हातानं!"

कडूबाईनं त्याला खालीवर न्याहाळलं. "असंल. पर शेंदूर लावायची बुद्धी तुला कुणी दिली?"

पोरांनी रोज येता-जाता ओटा बघितला होता, पण त्यांना वाटलं, कॉलेजनंच बांधला. आणि मुंजाजी तीन रात्री पंडितच्या नावानं दात खात होता. त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता. फेस चार बोटं वर चढला होता. सरजासकट पलीकडची बावीस-तेवीस पोरं त्या वेळी वर्गात बसली होती.

सायकल दामटत तो ऑफिसात घुसला. "साहेब, पोरं सोडा. पाणी यायलंय."

"खूण लागली?"

"खूण हालली हाय साहेब. म्हातारीनं देव म्हणून वर बसविली."

दिनकररावांनी खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात ऊन. "मुंजाजी, उद्या मोर्चा. आज ह्या उन्हात मी पावसाची सुट्टी देऊ? आणि कारण काय लिहू, म्हातारीनं दगड उचलला? माझी नोकरी घालवायचीय तुला? खूण बुडू दे, मग ये."

"खूण बुडंस्तोवर फरशी ऱ्हात न्हाई साहेब!"

"तू जा बघू."

मुंजाजी बाहेर आला. व्हरांड्यात घंटा टांगलेली. साहेबांच्या सहीशिवाय लांब घंटा वाजवायची नाही, वाजवली की घरी बसायचं, हे त्याला नीट माहीत होतं. त्यानं हातोडी उचलली आणि वाजवायला लागला. हात दुखेपर्यंत वाजवली.

वर्ग फुटले. पोरं अंगणात जमली, वर ऊन बघितलं आणि हसू उसळलं. "आली अतिवृष्टी!" "मामा, किती मिळाले?" मागं काही पोरं गंभीर होती. त्यांच्यातला एक म्हणाला, "आज काय जाळायचंय मामा?" कुणी फाटकाकडं सरकेना. पलीकडची पोरं तर एकमेकांना घट्ट धरून उभी. पुढं जायचं म्हणजे कशाच्या तोंडी जायचं, हेच त्यांना कळेना. "खरंच पाणी यायलंय, जावा रे!" मुंजाजी फाटकाशी जाऊन ओरडत होता, आणि जितका ओरडेल तितकी पोरं मागं सरत होती. दिनकरराव दारात येऊन उभे राहिले.

मग ऑफिसातून पंडित आला. गर्दी बाजूला झाली. वस्तीची पोरं त्याच्याच तोंडाकडं बघत होती. तो म्हणेल ते खरं. पंडितनं आभाळाकडं बघितलं, मग मुंजाजीकडं.

"मामा," तो शांतपणे म्हणाला, "पाऊस कुठंय?"

दहा वर्षांनी तोच प्रश्न, तेच फाटक, तसंच ऊन. सवयीनं मुंजाजी पंडितच्या डाव्या बाजूलाच उभा होता. तो फिरला. पंडितच्या उजव्या बाजूला गेला आणि त्या चांगल्या कानापाशी, पण सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "पंडित, लेकरा, त्या साली म्या खोटं बोललो. फोन म्या ऐकला होता. वस्ती जाळणार हाय ते मला ठाऊक होतं, आन् म्या तुला पुराचं भ्या घालून तिकडंच धाडला. तुजा कान माज्यामुळं गेला. आज खोटं बोलत न्हाई. पाणी वर हाय, घटकाभरात हितं येतंय. मला मार पायजे तर, पर लेकरं पल्याड ने."

दिनकररावांनी चष्मा काढला. पंडित मुंजाजीकडं बघतच राहिला. त्याच्या जबड्याचं हाड हललं. आता हा मला सगळ्यांसमोर थोबाडीत ठेवून देणार, असं मुंजाजीला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला तेच पाहिजे होतं.

पंडित पोरांकडं वळला. "वह्या शर्टात खोचा. हात धरा. सरजा, तू पुढं हो. पळा!"

तेवीस पोरं पळाली, पंडित सगळ्यांच्या मागं. पोचली तेव्हा पाणी फरशीला चाटत होतं. शेवटची पोरगी पलीकडं गेली आणि पाव तासात वरून असा लोंढा आला की फरशीचा मधला तुकडाच उखडून गेला. कडूबाईचा देव ओट्यासकट बुडाला. कॉलेज सुरू असतं तर ती पोरं चारला निघाली असती, आणि मधली फरशी गेलीय हे न कळता मांडीएवढ्या पाण्यात मागल्यासारखीच उतरली असती. वाडीत कडूबाईनं नारळ फोडला. म्हणाली, देव स्वतः बुडाला पण पोरं वाचवली. तिला कुणी समजावत बसलं नाही.

पंडितला ओढा उतरेपर्यंत दोन दिवस पलीकडं राहावं लागलं. तिसऱ्या दिवशी तो कामावर आला तेव्हा दिनकररावांनी मुंजाजीला द्यायचा मेमो लिहून ठेवला होता आणि फाडूनही टाकला होता. तुकडे टोपलीत दिसत होते. मुंजाजी वही न्यायला टेबलाशी गेला. उजव्या बाजूनं.

पंडितनं वही पुढं सरकवली नाही. उघडली. परवाच्या तारखेला, कारणाच्या जागी, त्यानं लिहिलं होतं, 'पूर येणार असे मुंजाजी शिपाई म्हणाले म्हणून.' खाली साहेबांची सही. मग त्यानं कपाटातून एक जुनी, कसर लागलेली वही काढली आणि पानं उलटत अठ्ठ्याहत्तर सालाच्या जुलैवर आणून ठेवली. 'अतिवृष्टीमुळे.' पंडितनं पेनाचं टोपण काढलं आणि पेन मुंजाजीच्या हातात दिलं.

"खालती लिवा मामा. खरं ते."

मुंजाजीला सहीपलीकडं लिहायची सवय राहिली नव्हती. दाराबाहेर तासाची वेळ होऊन गेली, पोरं घंटेची वाट बघत होती, पण पंडितनं त्याला घाई केली नाही. चौथीतल्या पोरासारखं एकेक अक्षर कोरत मुंजाजीनं लिहिलं, 'पाऊस नव्हता.'